नॉर्नींच्या हातात कात्री नाही

परवा एका व्याख्यानात नॉर्नींचा निकाल पाच मिनिटांत लागला. वक्त्यांचं म्हणणं असं: नॉर्स पुराणकथांतल्या या दैव ठरवणाऱ्या बायका, उर्द, वेर्दांडी आणि स्कुल्ड, म्हणजे ग्रीकांच्या तीन मोइराईंची उत्तरेकडची नक्कल. एक सूत कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. भूत, वर्तमान, भविष्य, झालं. टाळ्या पडल्या. मला मात्र तिथं बसवेना.

'कापते' हे आणलं कुठून? 'व्होलुस्पा' या जुन्या काव्यात महावृक्षाखालून आलेल्या या तिघी लाकडावर कोरतात, कायदे घालून देतात, माणसांच्या लेकरांची आयुष्यं ठरवतात. तिथं चाती नाही, सूत नाही. सूत येतं ते हेल्गी नावाच्या राजपुत्रावरच्या एका काव्यात, आणि विरोधक तेच उदाहरण झेंड्यासारखं नाचवतात. मग ते नीट वाचा तरी! हेल्गी जन्मला त्या रात्री नॉर्नी येतात, दैवाचे पदर जोर लावून पिळतात आणि सोन्याचे धागे चंद्राच्या दालनाखाली, आभाळाच्या मधोमध बांधतात. टोकं पूर्वेला नि पश्चिमेला दडवतात. त्यांच्यातली एक उत्तरेकडे एक धागा फेकते. मधली सगळी भूमी या राजपुत्राची. हे आयुष्याचं माप नव्हे, ही राज्याची शीव आखली जाते आहे. सूत आहे, पण ते जमीन मोजणाऱ्याच्या दोरीच्या जातीचं. आणि त्याला कात्री लावणारं तिथं कुणीही नाही. तिसऱ्या मोइराचं, अ‍ॅट्रोपॉसचं, सगळं मोठेपण कापण्यात. तीच वजा झाली तर नक्कल कशाची? तीन या आकड्याची?

आकडाही टिकत नाही. 13व्या शतकात आइसलँडचा लेखक स्नॉरी स्टुर्लुसन स्वतः सांगतो की नॉर्नी पुष्कळ आहेत: काही देवकुळातल्या, काही एल्फांच्या, काही बुटक्यांच्या. आणि स्कुल्डला 'भविष्य' म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की आइसलँडिकमध्ये या शब्दाचा अर्थ आजही 'कर्ज' असा आहे.

हाच वाद मी पूर्वी वाल्किरींवरून, म्हणजे नॉर्स कथांतल्या रणकन्यांवरून, घातला आहे. आतड्यांचा ताणा आणि मुंडक्यांची वजनं लावलेला तो भयंकर माग 'न्यालचा सागा' या आइसलँडिक कथेत आहे. पण त्यावर विणणाऱ्या वाल्किरी, आणि प्रसंग आयर्लंडमधल्या 1014 च्या क्लॉन्टार्फच्या लढाईचा. तो माग नॉर्नींच्या नावावर खपवणारं लिखाण अजून थांबत नाही. स्कुल्डचं नाव नॉर्नींत आणि वाल्किरींत दोन्हीकडे येतं हे मान्य. म्हणून काय मागही उचलून इकडे आणायचा?

मग नॉर्नी आहेत कोण? माझ्या लेखी त्या राखणदार. इग्द्रासिल या अ‍ॅश वृक्षाचा पाला हरणं खातात, एक बाजू कुजते आहे, खाली निधहॉग हा सर्प कुरतडतो आहे. त्या झाडावर नॉर्नी रोज उर्दच्या विहिरीचं पाणी आणि तिच्याभोवतीची माती शिंपतात, फांद्या सडू नयेत म्हणून. ज्या बायका दैव ठरवतात, त्याच जग जगवतात. मोइराईंकडे हे काम नाही.

नॉर्वेत बोर्गुंडच्या लाकडी चर्चवर थोरिर नावाच्या वाटसरूनं रूनी अक्षरांत लिहून ठेवलं आहे: नॉर्नींनी आपलं भलंही केलं, बुरंही केलं, आणि कष्ट फार दिले. देश ख्रिस्ती झालेला, दुसऱ्या दिवशी संत ओलाफचा सण, समोर चर्च. तरी गाऱ्हाणं मांडताना त्याला आठवल्या त्या याच. आणि ते त्यानं लाकडावरच कोरलं.