संघ कुणाच्या मालकीचा?

२२ जून २०२५ रोजी रात्री अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजेच एन. बी. ए.च्या, अंतिम मालिकेतील सातवा व निर्णायक सामना झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट उजाडत होती. यजमान थंडर संघाने इंडियाना पेसर्सचा १०३ विरुद्ध ९१ गुणांनी पराभव केला आणि मालिका चार विरुद्ध तीन अशी आपल्या नावे केली. फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांना या वार्तेचे अग्रलेखात काय प्रयोजन, असा प्रश्न पडेल. परंतु २०२४-२५ चा हा हंगाम आणि त्याची ही सांगता केवळ चेंडू जाळीत टाकण्याची कथा नव्हे. लोकांचा जीव ज्या संघात गुंतलेला असतो तो संघ वस्तुतः कुणाचा, हा प्रश्न त्या विजयाच्या जल्लोषाखाली दडलेला आहे. आणि तो आता आपल्याही दारात येऊन ठेपला आहे.

प्रथम खेळाविषयी. थंडर संघाने साखळीतील ८२ सामन्यांपैकी ६८ जिंकले होते. प्रतिस्पर्ध्यावर दर सामन्यामागे जवळजवळ तेरा गुणांची सरासरी आघाडी त्यांनी राखली. संघटनेच्या इतिहासात इतकी मोठी सरासरी त्यापूर्वी कुणालाही साधली नव्हती. त्यांचा अग्रणी शे गिल्जस-अलेक्झांडर हा कॅनडाचा सुपुत्र. सर्वाधिक गुणांची सरासरी, हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे तिन्ही त्याने एकाच वर्षी मिळविले. त्याच्यापूर्वी करीम अब्दुल-जब्बार, मायकेल जॉर्डन आणि शकील ओनील या तिघांनाच हे जमले होते. समोर उभा होता तो पेसर्सचा संघ. पहिल्या पंचवीस सामन्यांत केवळ दहा विजय, पूर्व विभागात चौथा क्रमांक, आणि अंतिम मालिकेत यापूर्वी एकदाच, २००० साली, प्रवेश. ही लढत एकतर्फी होणार असे जाणकारांनी गृहीत धरले असल्यास त्यांना दोष देता येणार नाही.

परंतु खेळ गृहीतकांना भीक घालीत नाही. पहिल्याच सामन्यात पेसर्सनी पंचवीस वेळा चेंडू गमावला, शेवटच्या सत्रात ते पंधरा गुणांनी मागे पडले, आणि तरीही सामना १११ विरुद्ध ११० असा जिंकून गेले. टायरीस हॅलिबर्टनची विजयी फेक जाळीत पडली तेव्हा घड्याळात सेकंदाचे तीन दशांश उरले होते. संपूर्ण सामन्यात पेसर्स आघाडीवर होते ते एवढेच तीन दशांश सेकंद! पुढे दोन विरुद्ध एक अशी आघाडी घेऊन आपल्या घरच्या मैदानावर चौथा सामनाही ते जिंकणार असे दिसत असताना गिल्जस-अलेक्झांडरने अखेरच्या पाच मिनिटांत पंधरा गुण काढून तो घास त्यांच्या तोंडून हिरावून घेतला. आमच्या मते मालिका फिरली ती तेथे. सातव्या सामन्यात नव्हे. पाचव्या सामन्यात थंडरच्या जेलन विल्यम्सने चाळीस गुण केले, तर सहाव्यात पेसर्सनी सतरा गुणांनी विजय मिळवून हिशेब पुन्हा बरोबरीत आणला.

सातव्या सामन्याच्या पहिल्या सत्रात जे घडले ते मात्र पाहवत नव्हते. पोटरीला आधीच दुखापत झालेला हॅलिबर्टन तशाच अवस्थेत मैदानात उतरला होता. तीन गुणांच्या तीन फेकी यशस्वी करून त्याने नऊ गुण मिळविले, आणि पुढचे पाऊल टाकताना त्याच्या टाचेवरचा अकिलीस स्नायुबंध तुटला. जमिनीवर हात आपटणाऱ्या त्या पंचविशीतल्या तरुणाची वेदना पायाची किती आणि मनाची किती, हे कुणी सांगावे? तरीही त्याचे सहकारी मध्यंतराला एका गुणाने पुढे होते. तिसऱ्या सत्रात थंडरनी ३४ विरुद्ध २० असा सपाटा लावला आणि झुंज संपली. त्याच वर्षीच्या बाद फेरीत मिल्वॉकीचा डेमियन लिलर्ड आणि बोस्टनचा जेसन टेटम यांचेही हेच स्नायुबंध तुटले होते. ८२ सामन्यांची साखळी, तीवर दोन महिन्यांची बाद फेरी, आणि प्रत्येक सामन्याला चिकटलेला दूरचित्रवाणीचा पैसा! २०२५-२६ पासून अकरा वर्षांच्या प्रक्षेपणासाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरांचा करार संघटनेने केला आहे. सामन्यांची संख्या कमी करण्याची सूचना वेळोवेळी पुढे येते आणि या आकड्यापुढे विरून जाते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत या स्पर्धेला सात निरनिराळे विजेते लाभले. ही योगायोगाची गोष्ट नाही. ती घडवून आणलेली आहे. वेतनावर मर्यादा, मर्यादा ओलांडणाऱ्या संघावर जबर कर, आणि २०२३ च्या करारानंतर तर अशा संघाच्या देवाणघेवाणीवरच बंधने. शिवाय जो संघ तळाशी राहील त्याला नवोदितांच्या निवडीत अग्रक्रम मिळण्याची संधी अधिक. उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा खेळाडूंना मिळतो, आणि तोही मालकांच्या औदार्याने नव्हे, तर त्यांच्या संघटनेने करार करून घेतल्यामुळे. समाजवादाचे नाव काढताच ज्या देशाच्या कपाळावर आठ्या पडतात त्या देशातील धनाढ्यांनी आपल्या करमणुकीच्या धंद्यात मात्र समान वाटपाची इतकी चोख व्यवस्था करून ठेवावी, ही गंमत आम्हास लक्षणीय वाटते.

या व्यवस्थेचा पुरेपूर लाभ थंडरचे कारभारी सॅम प्रेस्टी यांनी उठविला. २०१९ च्या जुलैत पॉल जॉर्ज हा नामांकित खेळाडू लॉस अँजेलिसच्या क्लिपर्सना देऊन त्यांनी तेव्हा फारसा परिचित नसलेला गिल्जस-अलेक्झांडर आणि भावी निवडींचे एक मोठे गाठोडे पदरात पाडून घेतले. त्याच गाठोड्यातून २०२२ साली जेलन विल्यम्स निघाला. मधल्या काळात संघ २०२०-२१ मध्ये २२ आणि पुढील हंगामात २४ सामनेच जिंकू शकला. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने त्यांना १५२ विरुद्ध ७९ असे, म्हणजे तब्बल ७३ गुणांनी हरविले. पराभवाचे एवढे अंतर संघटनेच्या इतिहासात दुसरे नाही. दुबळा संघ उतरवून तळ गाठायचा आणि चांगल्या निवडी मिळवायच्या, ही युक्ती नियमात बसते, हे खरे. परंतु तिकीट काढून ते सामने पाहणाऱ्या माणसाला कुणी विचारले होते काय? चार वर्षांनी करंडक आला म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे आम्ही मानीत नाही.

आणि हा संघ मुळात ओक्लाहोमाचा नव्हेच. तो सिएटलचा. सुपरसॉनिक्स या नावाने १९६७ पासून तो त्या सागरकाठच्या शहरात खेळत होता आणि १९७९ साली त्याने तेथे अजिंक्यपदही मिळविले होते. २००६ साली कॉफीच्या व्यापाराने जगविख्यात झालेले हॉवर्ड शुल्ट्झ यांनी तो ३५ कोटी डॉलरांना ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. नव्या मालकांना सार्वजनिक पैशातून नवे क्रीडागृह हवे होते. त्याच वर्षी सिएटलच्या मतदारांनी अशा अनुदानांना लगाम घालणारा ठराव जवळजवळ तीनचतुर्थांश मतांनी संमत केला. २००८ साली साडेचार कोटी डॉलर मोजून मालकांनी शहराशी असलेला करार मोडून घेतला आणि संघ उचलून नेला. सुपरसॉनिक्स हे नाव आणि रंग तेवढे सिएटलकडे राहिले. देव उचलून नेला आणि मखर ठेवून गेले, असेच म्हणायचे!

ओक्लाहोमाची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९ एप्रिल १९९५ रोजी तेथील शासकीय इमारतीसमोर झालेल्या स्फोटात १६८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर कित्येक वर्षे त्या शहराचे नाव जगाने ऐकले ते त्या एकाच संदर्भात. संघात येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूला प्रेस्टी आधी तेथील स्मारकावर घेऊन जातात. सुमारे सात लाख वस्तीच्या शहराला एका संघामुळे दुसरी ओळख मिळाली असेल तर तिची किंमत डॉलरांत करता येत नाही. ती किंमत मालक मात्र डॉलरांत वसूल करतात. १२ डिसेंबर २०२३ रोजी तेथील मतदारांनी किमान ९० कोटी डॉलरांच्या नव्या क्रीडागृहासाठी सहा वर्षे एक टक्का विक्रीकर देण्यास सुमारे ७१ टक्के मतांनी मान्यता दिली. त्यात मालकांचा वाटा पाच कोटींचा. बदल्यात संघ २०५० पर्यंत शहर सोडणार नाही. विक्रीकर गरिबाच्या पावाच्या लादीवरही पडतो. हा कौल स्वखुशीचा होता हे आम्ही नाकारीत नाही. परंतु सिएटलचे काय झाले हे डोळ्यांसमोर असताना दिलेल्या कौलात खुशी किती आणि धास्ती किती, याचा विचार करावयास हवा. अंतिम मालिका रंगात आली असतानाच, पाचव्या व सहाव्या सामन्यांच्या मध्ये, लॉस अँजेलिस लेकर्स हा संघ सुमारे दहा अब्ज डॉलर मूल्यांकनाने विकला जात असल्याची वार्ता प्रसिद्ध झाली. १९७९ साली बस कुटुंबाने हाच संघ, सोबत एक आइस हॉकीचा संघ, क्रीडागृह आणि एक कुरण मिळून पावणेसात कोटींना घेतला होता. ज्या मालमत्तेचे मोल असे वाढते तिच्या छपराचा खर्च मालकाला झेपत नाही, हे पटणे कठीण आहे.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत पोचतो. २०१३ साली सॅक्रामेंटोचा किंग्ज संघ विकत घेऊन सिएटलला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा संघमालकांच्या मंडळाने तो २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला, आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेऊन तो होता तेथेच ठेवला. तेथेही शहराने अडीचशे दशलक्षांहून अधिक डॉलर क्रीडागृहासाठी दिलेच. ४ व ५ ऑक्टोबर २०१९ रोजी याच किंग्जनी मुंबईत वरळी येथे दोन प्रदर्शनीय सामने खेळले, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी होते हेच इंडियाना पेसर्स. पुढे हॅलिबर्टनला पेसर्सच्या हवाली केले तेही रणदिव्यांच्याच संघाने, २०२२ साली. तो सौदा अंगलट आला असे सॅक्रामेंटोचे पाठीराखे म्हणत असतील तर त्यांना कोण अडविणार!

आणि आता आपल्या अंगणात पाहू. २०१४ साली भारतीय फुटबॉलमध्ये हीच अमेरिकी पद्धती इंडियन सुपर लीगच्या रूपाने आली. शहराचे नाव, मालकाचा पैसा आणि हक्काची खरेदी, हे तिचे सूत्र. २०१६ साली साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या आपल्या संघांनी तिला अग्रस्थान देण्याच्या योजनेचा निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपोनेही तीच वाट धरली. घामावर आणि गावावर उभे राहिलेले क्लब बाजूला पडले. पुण्याचा संघ २०१९ साली बंद पडला आणि त्याचा हक्क हैदराबादकडे गेला. पुण्याच्या पाठीराख्यांना कुणी काही विचारल्याचे ऐकिवात नाही. त्या हैदराबादच्या संघाने २० मार्च २०२२ रोजी आपल्याच फातोर्ड्याच्या मैदानावर केरळला पेनल्टी फटक्यांत नमवून अजिंक्यपद पटकावले, तेव्हा गोमंतकीय प्रेक्षकांनी त्याचे मनापासून कौतुक केले. तीन वर्षांनी तोही संघ हैदराबादेतून उठला आणि दिल्लीला गेला.

अमेरिकेत निदान शहराने करार करून घेतला आहे, संघाला २०५० पर्यंत बांधून घेतले आहे, आणि त्यासाठी मतदान झाले आहे. सिएटलकडे नाव आणि रंग तरी शिल्लक आहेत. पुण्याकडे काय उरले? आपल्याकडील फुटबॉलच्या कारभाराची नवी घडी बसविण्याची चर्चा जेव्हा जेव्हा होते तेव्हा तीत प्रायोजक असतात, प्रक्षेपणवाले असतात, महासंघाचे पदाधिकारी असतात. संघ हलविण्यापूर्वी त्या शहराच्या पाठीराख्यांचे व स्थानिक संघटनेचे म्हणणे ऐकले जावे, आणि नाव, रंग व इतिहास शहराकडेच राहावा, एवढ्या दोन अटी तरी फ्रँचायझीच्या करारात घालण्यास महासंघाला कोणती अडचण आहे, हे त्याने एकदा जाहीरपणे सांगावे.