घरचें चित्रभांडार परगांवीं दिसेनासें झालें तर

गृहस्थाश्रमांत जतन करून ठेवण्याजोग्या वस्तू पिढीगणिक बदलत जातात. पणजोबांच्या काळीं पोथ्या व कुळाचे कागद, आजोबांच्या काळीं छायाचित्रांचे आल्बम, आणि आतां मुंजी, लग्नें, साठीशांति, डोहाळजेवणें यांच्या चित्रफिती. या फिती एका लहानशा संगणकांत भरून तो माजघराच्या कोपऱ्यांत अहोरात्र चालूं ठेवावयाचा, आणि घरांतील कोणीहि आपल्या फोनवर किंवा टीव्हीच्या पडद्यावर हवें तें पाहावें, अशी व्यवस्था बऱ्याच सुशिक्षित कुटुंबांनीं केली आहे. अशा संगणकास मीडिया सर्व्हर म्हणतात. त्यासाठीं प्लेक्स, जेलीफिन अशीं सॉफ्टवेअरें मिळतात. यांपैकीं जेलीफिन हें एम्बी नांवाच्या सॉफ्टवेअरपासून डिसेंबर २०१८ मध्यें वेगळें झालेलें व सर्वस्वी विनामूल्य असें आहे.

घरच्या वायफायवर हें सर्व सुरळीत चालतें. परंतु घरचें माणूस परगांवीं गेलें आणि मोबाइलच्या जोडणीवरून तेंच चित्र पाहूं लागलें कीं पडद्यावर चक्र फिरूं लागतें. यासंबंधीं आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं सातारा जिल्ह्यांतील एका भगिनींचें पत्र आम्हांस विशेष विचारणीय वाटलें. त्यांच्या सासूबाई औषधोपचारासाठीं कांहीं महिने पुण्यास मुलाच्या व सुनेच्या बिऱ्हाडीं आहेत. सासरे कीर्तनकार होते. ते निवर्तल्यास सात वर्षें झालीं. त्यांचें शेवटचें कीर्तन गांवच्या वाड्यांतील सर्व्हरवर आहे, आणि सासूबाईंची इच्छा एवढीच कीं निजण्यापूर्वीं तें थोडें ऐकावें. फोनवर अर्धें मिनिट चालतें आणि थांबतें. वाड्यांतील दीर म्हणतात, “येथें सगळें ठीक आहे, तुमचा फोन वाईट.” पुण्यांतील पुतणी म्हणते, “फोन नवा आहे, काकांचें यंत्र जुनें.” दोघांत बोलाचाली होऊन सासूबाईंनीं आतां मागणेंच सोडून दिलें आहे. या पत्रास उत्तर देतांना सर्वांच्याच उपयोगीं पडेल असा क्रम येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

चिकित्सेपूर्वीं निदान करावें हा आपल्या वैद्यांचा दंडक येथेंहि पाळावा. निदानाचें साधन म्हणजे नैयायिकांचा अन्वयव्यतिरेक. जें असतां दोष असतो आणि जें नसतां दोष नसतो, तेंच दोषाचें कारण. म्हणून एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम वहींत लिहून ठेवावा. राउटर बंद करून चालूं केला, फोनचें ॲप काढून पुन्हां घातलें आणि त्याच वेळीं सेटिंगहि बदललें, तर गुण कशानें आला हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. तो काकतालीय न्याय झाला. दुसरें, सूचीकटाहन्यायानें सोपें काम आधीं उरकावें. संगणक झोपीं जाण्याचें सेटिंग बंद आहे काय, वीज जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होतो काय, आणि राउटर त्याला दर वेळीं तोच अंतर्गत पत्ता देतो काय, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी कित्येक तक्रारी जागच्या जागीं मिटतात.

यानंतर तक्रारीचे दोन वर्ग करावे. एकांत सर्व्हर मुळींच भेटत नाहीं. दुसऱ्यांत भेटतो, यादी दिसते, परंतु चित्र अडखळतें. या दोन व्याधी भिन्न आहेत व त्यांचीं औषधेंहि भिन्न आहेत. निवाडा करण्यासाठीं सर्व्हर असलेल्या घरांत बसूनच फोनचें वायफाय बंद करावें, मोबाइल डेटा चालूं ठेवावा आणि तीच फीत लावून पाहावी. म्हणजे पुण्यास न जातांहि पुण्याची स्थिति घरांत उत्पन्न होते. त्याच फोनवर, त्याच डेटावर यूट्यूबवरील एखादें चित्रहि पाहावें. तें निर्वेध चाललें तर फोन व टॉवर निर्दोष ठरतात.

आधीं अडखळण्याचा विचार करूं, कारण त्यांत केवळ गणित आहे. कंपनीच्या जाहिरातींत जो वेग मोठ्या अक्षरांत असतो तो घराकडे येणाऱ्या प्रवाहाचा, म्हणजे डाउनलोडचा. आपण परगांवाहून घरचें चित्र मागतों तेव्हां मात्र घरांतून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाचा, म्हणजे अपलोडचा वेग लागतो. फायबरच्या पुष्कळ योजनांत हे दोन्ही वेग सारखे असतात; केबलच्या किंवा बिनतारी जोडणींत अपलोड बहुधा बराच कमी असतो. तो घरीं, सर्व्हरच्याच संगणकावरून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं मोजावा. सर्व्हर राउटरला वायफायनें न जोडतां तारेनें जोडावा, म्हणजे आणखी एक संशय नाहींसा होतो.

आतां फितीस किती वेग लागतो तें काढूं. वेग बिटांत सांगतात आणि फितीचा आकार बाइटांत. एका बाइटांत ८ बिट. दोन तासांची फीत ८ जीबी असेल तर ती ६४,००० मेगाबिट झाली. तिला ७,२०० सेकंदांनीं भागिलें असतां सेकंदास सुमारें ९ मेगाबिट येतात. ही सरासरी आहे. धांवपळीच्या दृश्यांत याहून अधिक लागेल, म्हणून दीडपट तरी सवड असावी.

वरील भगिनींनीं आमच्या विनंतीवरून आंकडे कळविले. कीर्तनाची फीत दीड तासाची व १६ जीबींची. म्हणजे सेकंदास जवळजवळ २४ मेगाबिट. वाड्यांतील अपलोड मोजला तो १० मेगाबिट. दिरांचें यंत्र आपल्या जागीं ठीक, पुतणीचा फोन आपल्या जागीं ठीक. अडचण मधल्या वाटेंत होती. अर्धें मिनिट जें चालत होतें तें फोननें आधीं सांठवून घेतलेल्या भागावर.

यावर उघड उपाय असा कीं ॲपमधील गुणवत्ता ‘मूळ’ ऐवजीं २ किंवा ३ मेगाबिटांवर आणावी. फोनच्या लहान पडद्यास तेवढी पुरते. परंतु येथें दुसरी व्याधि डोकें वर काढते. कमी गुणवत्तेची प्रत सर्व्हरपाशीं तयार नसते. ती त्याला ऐन वेळीं घडवावी लागते. यास ट्रान्सकोडिंग म्हणतात. वर्गांत एक विद्यार्थी संस्कृत श्लोक म्हणत आहे आणि दुसरा त्याचा तात्काळ मराठी अर्थ सांगत आहे अशी कल्पना करावी. अर्थ सांगणारा मंद असेल तर सगळा वर्ग खोळंबतो. जेलीफिनच्या नियंत्रण-पानावर फीत जशीच्या तशी जात आहे कीं रूपांतर होऊन जात आहे हें स्पष्ट दिसतें. रूपांतर चालूं असतां प्रोसेसर शंभर टक्क्यांवर अडकून राहिला असेल तर दोष तेथेंच आहे. वाड्यांतील जुन्या संगणकाची हीच गत झाली. गुणवत्ता उतरविली तरी चित्र थांबे, आणि पहिलें निदान चुकलें असें दिरांस वाटूं लागलें. वस्तुतः एका दोषाच्या आड दुसरा उभा होता.

रूपांतर कां करावें लागतें याचीं आणखीहि दोन कारणें लक्षांत ठेवावीं. एच.२६४ ही २००३ सालची संकेतपद्धति जवळजवळ प्रत्येक उपकरणास कळते. २०१३ सालची एच.२६५ निम्म्या जागेंत तेंच चित्र बसविते, पण ती प्रत्येक ठिकाणीं चालेलच असें नाहीं. तसेंच कांहीं उपशीर्षकें अक्षररूप नसून चित्ररूप असतात; तीं दाखविण्यासाठीं बहुधा सबंध चित्र नव्यानें घडवावें लागतें. अशा वेळीं उपशीर्षकें बंद करून पाहिलीं कीं खरें कारण कळतें. यंत्रांत रूपांतराचें खास अंग असेल, जसें इंटेलच्या प्रोसेसरांत २०११ पासून आलेलें क्विक सिंक, तर तें सेटिंगमध्यें चालूं करावें. स्वस्त म्हणून पुष्कळांनीं घेतलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्यें असें चित्र घडविणारें अंग नाहीं, हें घेण्यापूर्वींच जाणून असावें. आणि यंत्र दुबळें असेल तर सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे हँडब्रेकसारख्या विनामूल्य साधनानें रात्रीं, कोणी पाहत नसतांना, लहान प्रत करून ठेवावी. घाई नसली कीं मंद यंत्रहि चोख काम करतें.

मोबाइल डेटाचा हिशेबहि विसरूं नये. सेकंदास २ मेगाबिट या दरानें दोन तासांत १.८ जीबी खर्च होतात. दिवसाला दीड किंवा दोन जीबी देणाऱ्या कित्येक योजनांत मर्यादा संपल्यावर वेग ६४ किलोबिटांवर येतो, म्हणजे लागणाऱ्या वेगाच्या एकतिसाव्या भागावर. दुपारीं चालणारें चित्र रोज रात्रींच बंद पडत असेल तर सर्व्हर उघडण्यापूर्वीं शिल्लक डेटा पाहावा.

आतां दुसरा वर्ग, सर्व्हर मुळींच न भेटण्याचा. याचें मूळ पत्त्यांच्या दुष्काळांत आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतींत, आयपीव्ही४ मध्यें, एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच, आणि त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. म्हणून कंपन्या शेंकडों घरांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. चाळीस एकच दरवाजा व एकच पत्ता असावा, तसें हें आहे. खोलींतून आपण पत्र धाडलें तर उत्तर बरोबर येतें, कारण दरवाज्यावरच्याला तें कोणाचें हें आठवतें. परंतु बाहेरून आलेल्या नव्या माणसास कोणत्या खोलींत सोडावें हें त्याला कळत नाहीं. परीक्षा सोपी आहे. राउटरच्या पानावर त्याचा बाह्य पत्ता असतो; तो, आणि ‘माझा आयपी कोणता’ असें विचारल्यावर इंटरनेटवर दिसतो तो, हे दोन जुळले पाहिजेत. न जुळल्यास, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकीं आंकड्यांनीं सुरू होत असल्यास, आपण चाळींत आहों असें समजावें. तो पट्टा २०१२ मध्यें याच कामासाठीं राखून ठेवलेला आहे. मग राउटरवर पोर्ट कितीहि उघडले तरी व्यर्थ.

यावर तीन वाटा. कंपनीकडून शुल्क देऊन स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा. किंवा पत्त्यांचा दुष्काळ नसलेली आयपीव्ही६ पद्धति दोन्ही टोकांस असल्यास ती वापरावी. किंवा वायरगार्ड या तंत्रावर उभारलेलें टेलस्केल यासारखें खाजगी वीपीएन सर्व्हरवर व फोनवर बसवावें. सामान्य कुटुंबास आम्ही तिसरी वाट सुचवितों. तींत दोन टोकांमध्यें थेट मार्ग सांपडला तर वेग चांगला मिळतो. न सांपडल्यास मध्यस्थामार्फत फेरा पडून तो मंदावतो. वीपीएनवर यादी दिसते पण चित्र सुरूच होत नाहीं असें झाल्यास, लहान पाकिटें जातात व मोठीं अडतात अशी शंका घ्यावी आणि एमटीयू हा आंकडा १२८० वर आणून पाहावा. प्लेक्स वापरणारांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून त्या कंपनीनें घराबाहेरून स्वतःच्या फिती पाहण्यास शुल्क लावलें आहे. तेथें बिघाड नसून नियम बदललेला असूं शकतो.

वीपीएनचा आग्रह आम्ही सुरक्षिततेसाठींहि धरतों. पोर्ट उघडणें म्हणजे वाड्याचा दरवाजा हमरस्त्यावर उघडणें होय. २०२२ सालीं संकेतशब्द सांभाळण्याचाच व्यवसाय करणाऱ्या लास्टपास कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरच्या संगणकांत चोर शिरले ते त्यावरील प्लेक्सच्या जुन्या आवृत्तींतील छिद्रांतून. तें छिद्र बुजविणारी सुधारणा मे २०२० मध्येंच निघालेली होती. ती घातली गेली नव्हती. म्हणून नव्या आवृत्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या.

साताऱ्याच्या कुटुंबास आम्हीं लिहिलें कीं रात्रभर बसवून २ मेगाबिटांची प्रत करा. दीड तासाचें कीर्तन त्या मानानें १.३५ जीबी होतें. ती प्रत पुतणीच्या फोनवर एकदां उतरवून ठेवा, म्हणजे रोज वाहत्या प्रवाहावर अवलंबून राहावयास नको. नदीचें पात्र रुंद होईपर्यंत तहानलेल्यानें थांबूं नये. घागर भरून आणावी. दिरांनीं प्रत केली, पुतणीनें उतरविली. सासूबाई आतां रोज पूर्वरंगापर्यंत ऐकतात व मग निजतात, असें भगिनी कळवितात. या सुमारें महिनाभराच्या वादांत यंत्रापेक्षां माणसेंच अधिक शिणलीं, आणि जिच्यासाठीं सर्व चाललें होतें तीच प्रथम गप्प बसली. घरांतील वृद्ध माणूस एखादी गोष्ट मागावयाचें सोडून देतें तेव्हां ती त्याला नकोशी झाली असें तरुणांनीं समजूं नये.

शेवटीं व्यवस्थेविषयीं दोन शब्द. पुष्कळ घरांत सर्व्हरचें सर्व ज्ञान एकाच मुलास असतें. तो परदेशीं गेला कीं भांडार असून नसल्यासारखें होतें. संकेतशब्द, पत्ते व केलेले बदल एका वहींत लिहून ती घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी, आणि दुसऱ्या एका माणसास, मग ती सून असो वा नात, सर्व शिकवून ठेवावें. फितींची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर व शक्य तर निराळ्या घरीं असावी.

या विषयावर ज्यांना पत्र लिहावयाचें असेल त्यांनीं फितीचा आकार व अवधि, घरचा अपलोड वेग, राउटरवरील व बाहेरून दिसणारा पत्ता जुळतो कीं नाहीं, आणि घरीं वायफाय बंद करून काय घडलें, या चार गोष्टी अवश्य कळवाव्या. पत्ते प्रत्यक्ष लिहूं नयेत; जुळतात किंवा नाहीं एवढेंच पुरे. उत्तर यथावकाश याच सदरांत देऊं.