बगॅसवरची परीक्षा कारखान्यातच होऊ द्या

चांगल्या हंगामात महाराष्ट्रात दहा कोटी टनांहून जास्त ऊस गाळला जातो. त्यातला तीसेक टक्के भाग रस काढल्यावर उरणाऱ्या ओल्या बगॅसच्या रूपाने बाहेर पडतो आणि बहुतेक सगळा बॉयलरमध्ये जातो. त्यातून वाफ मिळते, वीज मिळते, उरलेली वीज विकता येते. माझा या जाळण्याला सरसकट विरोध नाही. पण बगॅसच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेमिसेल्युलोज असतो. जळताना तो लिग्निनपेक्षा बरीच कमी उष्णता देतो. त्याच्यापासून फरफ्युरल हे रसायन मात्र बनते, आणि फरफ्युरलपासून ओतकामाच्या साच्यातली वाळू घट्ट धरणारे फ्युरान रेझिन. कोल्हापूर परिसरात साखर कारखाने आणि फाउंड्र्या हाकेच्या अंतरावर आहेत. एकाच्या बॉयलरमध्ये जाणारी वस्तू दुसऱ्याच्या कच्च्या मालाची जननी आहे, हे चित्र मला अस्वस्थ करते.

फरफ्युरलचा धंदा नवा नाही. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२च्या सुमारास ओटच्या टरफलांवर सौम्य गंधकाम्ल आणि वाफ सोडून तो सुरू केला. डोमिनिकन प्रजासत्ताकात आणि दक्षिण आफ्रिकेत बगॅसपासूनच फरफ्युरल काढतात. पण गंधकाम्लाच्या जुन्या पद्धतीत जेवढे मिळायला हवे त्याच्या निम्म्याच्या आसपासच हाती लागते. आम्ल पोलाद खाते. ते मारायला चुना घालावा लागतो आणि जिप्समचा ढीग साठतो. उरलेला चोथाही आम्लट, म्हणजे बॉयलरला नकोसा.

म्हणून घन आम्ल. आम्लाचे काम करणारी केंद्रे झिओलाइटसारख्या घन पदार्थावरच पक्की बसवलेली असतात. काम झाले की गाळून घ्या, पुन्हा वापरा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परेश ढेपे यांच्या गटाने २०१२मध्ये बगॅस, भाताचे तूस आणि गव्हाचा भुसा यांतल्या हेमिसेल्युलोजपासून घन आम्लांच्या मदतीने साखरा आणि फरफ्युरल मिळवल्याचे काम प्रसिद्ध केले. जपानमध्ये मिचिकाझु हारा यांच्या गटाने तर साखरच अर्धवट कोळसावून, तिच्यावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून घन आम्ल बनवले. २००५चे ते काम बायोडिझेलसाठी होते. पुढे तशाच कार्बनने सेल्युलोजही फोडून दाखवले.

मग अडते कुठे? तेलशुद्धीकरणात झिओलाइट १९६२पासून राबतो आहे, पण तिथे तो गरम बाष्पात काम करतो. इथे त्याला दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या पाण्यात बुडून राहायचे असते, आणि तशा पाण्यात झिओलाइटची चौकट हळूहळू विरते. गंधकाचे गट चिकटवलेल्या कार्बनवरून तेच गट सुटून पाण्यात उतरतात. काम मग घन आम्लाच्या नावावर आणि प्रत्यक्षात सुटलेल्या गंधकाम्लाने होत असते.

हे ओळखायची चाचणी सोपी आहे. अभिक्रिया अर्ध्यावर आली की द्रव गरम असतानाच गाळायचा, उत्प्रेरक, म्हणजे ते घन आम्ल, बाजूला काढायचा आणि नुसता द्रव पुन्हा तापवत ठेवायचा. अभिक्रिया पूर्वीसारखीच चालू राहिली तर आम्ल सुटले आहे, हे नक्की. ही चाचणी न देता ‘पाच वेळा वापरता आला’ एवढेच सांगणाऱ्या शोधनिबंधावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी अडचण राखेची. हेमिसेल्युलोजमधली झायलोज ही साखर बाटलीतली शुद्ध वापरून आकडे देखणे येतात. खऱ्या बगॅसमध्ये शेतातली माती असते, पोटॅशियम आणि कॅल्शियम असते. हे क्षार आम्लकेंद्रांवरचे हायड्रोजन आयन हुसकावून स्वतः तिथे बसतात आणि उत्प्रेरक थंड पडतो. त्यातच फरफ्युरल वेळेवर बाहेर काढले नाही, तर ते साखरेशी आणि स्वतःशीच जुळून काळा राळेसारखा थर बनवते. झिओलाइटवरचा थर हवेत जाळून टाकता येतो. कार्बनचा उत्प्रेरक जाळायला गेलात तर थराबरोबर तोही जळेल.

आणि चोथाही घन, उत्प्रेरकही घन! दोन्ही एकाच गाळणीवर आले तर वेगळे करायचे कसे? मला दोन टप्प्यांचा मार्ग पटतो. आधी बगॅस नुसत्या गरम पाण्यात दाबाखाली शिजवायचा, म्हणजे हेमिसेल्युलोजचा बराचसा भाग द्रवात उतरतो. त्या द्रवातले क्षार काढायचे आणि मग तो घन आम्ल भरलेल्या स्तंभातून सोडायचा. चोथ्याला आम्ल लागतच नाही, तो पाणी पिळून बॉयलरकडे जाऊ शकतो. पाणी तापवण्याचा खर्च यात आहेच, पण वाफ कारखान्याच्या अंगणातच आहे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. एकाच पुण्याची ही दोन टोके. दोघांनी मिळून एखाद्या सहकारी कारखान्यात असा छोटा स्तंभ उभा करावा आणि गाळपाच्या पूर्ण हंगामात तिथलाच बगॅस वापरून चालवावा. पैसा सरकारने आणि साखर संघाने द्यावा, पण एका अटीवर: दर महिन्याला उत्प्रेरकाची उरलेली आम्लता, द्रवात सुटलेले गंधक आणि सिलिका, आणि टनामागे मिळालेले फरफ्युरल हे आकडे जाहीर झाले पाहिजेत, वाईट आले तरी.