‘मेन’ ह्या शब्दांत कोण बसतें?

स्त्रियांच्या हक्कांचा विषय निघाला कीं आमच्या विद्वान मित्रांपैकीं एखादा तरी हंसाबेन मेहतांच्या प्रसिद्ध दुरुस्तीची थट्टा करतोच. ‘‘इंग्रजींत ‘मेन’ म्हटलें कीं त्यांत ‘विमेन’ आल्याच! एका शब्दासाठीं एवढी घासाघीस कशाला?’’ आम्हीं तीस वर्षें तीच भाषा शिकविली; तेव्हां उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रसंग १९४७-४८ चा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगांत सभासद १८. त्यांत स्त्रिया दोनच, अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट आणि भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन. ‘ऑल मेन’ स्वतंत्र व समान जन्मतात, असें मसुद्यांत होतें. ह्याचा अर्थ उद्यां कोणी केवळ पुरुष असाच करील, अशी हंसाबेननीं हरकत घेतली. ‘मेन’ म्हणजे सर्व मानव असेंच आपण समजतों, असें रूझवेल्टबाईंचें म्हणणें होतें. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिसला संमत झालेल्या जाहीरनाम्यांत ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ हे शब्द आले.

आतां मित्रांच्या व्याकरणाकडे वळूं. पुल्लिंगी शब्दांत स्त्रीचाही समावेश समजावा, हें कलम येथील कायद्यांत १८९७ सालींच आलें. (हंसाबेनचें जन्मसालही तेंच!) असें असतां १९१६ सालीं रेजिना गुहा ह्या कायद्याच्या पदवीधर बाईंनीं वकिलीची सनद मागितली, ती कलकत्ता हायकोर्टानें नाकारली. व्याकरण बाईंच्या बाजूस होतें. सनद मात्र मिळाली नाहीं. त्यासाठीं १९२३ सालीं निराळा कायदा करावा लागला. कॅनडांत तर ‘पर्सन’ ह्या निरुपद्रवी शब्दांतही स्त्री मावेना! सेनेटवरील नेमणुकीपुरती ती ‘पर्सन’ नव्हे, असें तेथील सुप्रीम कोर्टानें १९२८ सालीं ठरविलें. पुढच्या वर्षीं प्रिव्ही कौन्सिलनें तें फिरविलें. कर भरतांना आणि शिक्षा भोगतांना स्त्री त्या शब्दांत विनातक्रार बसते. अधिकाराची वेळ आली कीं शब्द आखूड पडतो.

दुसरा आक्षेप असा, कीं बायकांना सवलती हव्या असतात. ह्या बाईंनीं तर १९ डिसेंबर १९४६ रोजीं घटना समितींत सांगितलें, कीं आम्हीं राखीव जागा मागितल्या नाहींत. आम्हांस न्याय व समता हवी.

मराठींत आपण ‘बायकोमाणूस’ म्हणतों, तेव्हां आपला प्रश्न सुटलेलाच आहे, असेंही एकानें आम्हांस ऐकविलें. तो शब्द कोणत्या सुरांत उच्चारला जातो, हें वाचकांनीं आपल्या घरींच ऐकावें.

हंसाबेनचा विजय अपुराच राहिला, हेंही खरें. त्याच पहिल्या कलमाच्या दुसऱ्या वाक्यांत सर्वांनीं ‘बंधुभावानें’ वागावें असें आहे. आणि पंचविसाव्या कलमांत अन्नवस्त्राचा हक्क मिळाला आहे तो ‘हिमसेल्फ’ला, व ‘हिज’ कुटुंबाला. थट्टाच करावयाची तर मित्रांनीं ती तेथें करावी.