डीजे म्हणजे ट्रक नव्हे

हिंगोली जिल्ह्यात लग्न ठरलं की एक प्रश्न हमखास येतो: “डीजे कोणता सांगितलाय?” उत्तरात माणसाचं नाव येत नाही. गाडीचं येतं. किती बेस, किती टॉप, जनरेटर केवढा, लाइट कसल्या. वसमतला विचारा, कळमनुरीला विचारा, सेनगावला विचारा, तीच यादी. गाणी कोण लावणार, कुठलं गाणं कधी लावणार, हे कुणी विचारत नाही. सुपारी गाडीची, इसार गाडीचा, बॅनरवर नाव गाडीचं. आणि त्या गाडीवर लॅपटॉपसमोर रात्रभर उभा असलेला पोरगा? तो ‘ऑपरेटर’.

माझं भांडण इथूनच सुरू होतं. डीजे म्हणजे डिस्क जॉकी, म्हणजे माणूस. कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात जायचं हे ज्याला कळतं तो माणूस. आपण त्या शब्दातून माणूस उचलून बाहेर ठेवला आणि त्या जागी टेम्पो उभा केला. वृत्तपत्रं छापतात, ‘डीजे जप्त’. कुणी म्हणतं का, ‘तबलजी जप्त’?

दुसरा शब्द ‘डॉल्बी’. ही तर थट्टाच आहे. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली आणि तिचं पहिलं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नको तो आवाज काढून टाकणं हा ज्यांचा धंदा, त्यांचं नाव आपण खिडक्या हादरवणाऱ्या भिंतीला दिलं. शब्द इतके उलटे झाल्यावर विचार सरळ कसा होणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला खरंच डीजे व्हायचंय त्याने गाडीचं स्वप्न सोडावं. एक साधा लॅपटॉप आणि पाठीवरच्या बॅगेत मावेल असा छोटा कंट्रोलर घ्यावा. आणि गावाने त्याला डीजे म्हणावं.

छोटा म्हणजे किती? पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स-फोर पाहा. वजन २.१ किलो, रुंदी अर्ध्या मीटरपेक्षा कमी. दोन डेक, मधे मिक्सर, प्रत्येक बाजूला आठ पॅड. यूएसबीच्या वायरवर चालतो. नवा साधारण तीस हजारांच्या आसपास. लॅपटॉप नसेल तर फोनलाही जोडता येतो. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर चोरीचं घ्यायची गरज नाही. मिक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर २००१ पासून फुकट आहे. मर्यादाही सांगतो: यावर मोठ्या साउंडला लागणारी एक्सएलआर पिन नाही, साधी आरसीए आहे. लांब वायर टाकली तर गुणगुण येऊ शकते. पण घरात रोज दोन तास हात बसवायला आणि मंडपातल्या दोन-तीनशे लोकांना नाचवायला याहून जास्त लागत नाही. भाड्याने दोन टॉप, दोन बेस घेतले की झालं.

यावर शहरातल्या जाणकारांचा पहिला आक्षेप येतो: लॅपटॉपवाला डीजे खोटा. सिंक बटण दाबलं की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते, मग कला कुठे राहिली?

हे रडगाणं जुनं आहे. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ चा. त्यावर हात बसलेल्यांनी २००१ मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० आला तेव्हा नाकं मुरडली. २००४ मध्ये सेराटोने लॅपटॉपला टर्नटेबल जोडून दिला, तेव्हा सीडीवाल्यांनी मुरडली. दर वेळी कालचं यंत्र ‘खरं’ ठरतं आणि आजचं ‘फसवणूक’.

शिवाय हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपली गाणी कधी सॉफ्टवेअरमध्ये टाकलेली दिसत नाहीत. सिंक चालतं ते यंत्रावर बनलेल्या, एक-दोन-तीन-चार अशा सरळ ठोक्याच्या गाण्यांवर. जुनं लोकगीत, जुनं भीमगीत, ढोलकीची लावणी ही माणसांनी वाजवलेली आहेत. कडव्यात लय जरा ओढली जाते, धृपदाला परतताना धावते. सॉफ्टवेअर आखतं त्या रेघा तिसऱ्या कडव्यात ठोक्यावरून घसरतात. त्यात गाणं सहा मात्रांच्या झोक्याचं असेल आणि पुढचं चार मात्रांचं, तर सिंक बटण काय करणार? तिथे रेघा हाताने सरकवाव्या लागतात, हेडफोनचा एक कान पुढच्या गाण्याला आणि दुसरा मंडपाला द्यावा लागतो, आणि जोड कुठे द्यायचा ते कानाने ठरवावं लागतं. क्लबमध्ये एकाच चालीचं हाउस वाजवणाऱ्यापेक्षा हळदीच्या रात्री आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना उठवणाऱ्या पोराचं काम अवघड आहे. त्याला हिणवण्याआधी एकदा करून पाहा.

आणि ‘हौशी’ या शब्दाला हसायचं कारण काय? आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धा हौशी कलावंतांचीच असते. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणाऱ्या नटाचा आपण आदर करतो. मग दिवसभर मोंढ्यात हळदीची पोती मोजून रात्री दोन गाण्यांचा जोड घोटणारा पोरगा टवाळ का ठरतो?

दुसरा आक्षेप गावाकडचा, आणि तो जास्त वजनदार आहे: “छाती हादरली नाही तर डीजे कसला?”

खरंय, बेस अंगात शिरतो ती मजा खोटी नाही. पण हिशेब समजून घ्या. डेसिबलचं गणित बेरजेचं नसून पटीचं आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ७५ आणि १०५ मध्ये फरक तीसचा दिसतो. प्रत्यक्षात तो हजारपटीचा असतो. अमेरिकेच्या नायोश या संस्थेने कामगारांसाठी मांडलेला हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. आपली वरात किती तास चालते? कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. पहिला बळी जातो तो गाडीवरच्या ऑपरेटरचा, कारण नाचणारे बदलत राहतात, तो हंगामभर तिथेच असतो. ज्याचा धंदाच कानावर चालतो त्याचे कान आपण गाडीभाड्यात धरून घेतो.

कायदाही काही काल आलेला नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये सार्वजनिक जागी लावलेल्या ध्वनिवर्धकाची मर्यादा घातली: त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या पातळीहून १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. सप्टेंबर २०१८ मध्ये ऐन गणेशोत्सवात साउंडवाल्यांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिला दिलासा मिळाला नाही. तरी कर्ज काढून गाड्या बांधणं थांबलं नाही. एक बेस वाढवला की शेजारच्या गावातला दोन वाढवतो. या शर्यतीत जिंकतं कोण? स्पीकर विकणारा आणि व्याज घेणारा.

आता तिसरा आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो सगळ्यात खरा आहे. ज्यांच्या वाजंत्रीला, वरातीला भर रस्त्यावरून जायची पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, त्यांनी १४ एप्रिलला चौकात मोठा आवाज केला तर तो नुसता आवाज नसतो. तो रस्त्यावरचा हक्क असतो. ‘हे लोक फार गोंगाट करतात’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना गोंगाट टोचतो आणि कितीजणांना ‘हे लोक’ टोचतात, हे त्यांनी आपल्या मनाला विचारावं. भोंगे, फटाके, नेत्यांच्या सभा यांनाही तोच नियम, तोच मीटर लागू झाला पाहिजे. दहा गाड्या सोडून एकच अडवणारा कायदा कुणी मानणार नाही.

पण हक्क गाजवायला भाड्याचा ट्रकच का हवा? त्याचा मालक सकाळी भगव्याचा, संध्याकाळी निळ्याचा, परवा पक्षाचा. त्याच्या पेनड्राइव्हवर सगळ्यांना तेच नॉनस्टॉप रिमिक्स, त्यात दर मिनिटाला कुणाच्या तरी नावाचा शिक्का. ज्या शाहिरीने माणसं जागी केली तिचे शब्दच त्या भिंतीसमोर ऐकू येत नाहीत. आपल्यातलाच एक पोरगा, ज्याला ती गाणी पाठ आहेत, तो कंट्रोलर घेऊन उभा राहिला तर शब्द ऐकू येतील आणि हलगीवालाही शेजारी वाजवू शकेल. भिंतीसमोर हलगी मरते. दोन टॉपसमोर ती जिवंत राहते, आणि तिचा पोटापाण्याचा वाटाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत गाणी लावली, तिथून हिप-हॉपचा जन्म मोजतात. वस्ती गरिबांची होती. हर्कही दणदणीत स्पीकरसाठी प्रसिद्ध होता, हे लपवायचं कारण नाही. पण दणदणीत स्पीकर इतरांकडेही होते. हर्क लक्षात राहिला तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन नाचायचा तुकडा लांबवत नेण्याच्या युक्तीमुळे. आज ती युक्ती कंट्रोलरच्या एका पॅडवर आहे. आपल्याकडेही उदाहरण आहे: क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं मराठी हाउस ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन या परदेशी कंपनीने काढलं. ते जगभर गेलं ते फाइलच्या रूपाने. त्याला ट्रक लागला नाही.

आणि जिल्ह्याचा विचार करा. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक थरथर. जागा निवडताना जमिनीची शांतता हा मोठा निकष होता. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली गुरुत्वलहर पकडली तेव्हा ती सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. म्हणजे आपल्या बेसच्याच पट्ट्यात! १३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दोन कृष्णविवरांचा तो ठोका, शास्त्रज्ञांनी हेडफोनवर ऐकण्याजोगा करून दिला. जगातलं सगळ्यात बारीक ऐकणारं यंत्र आपल्या जिल्ह्यात येतंय आणि आपण बेस मोजत बसलोय. नामदेवासाठी औंढ्याचं देऊळ फिरलं अशी कथा आहे. ते फिरवायलाही कीर्तन पुरलं होतं.

तेव्हा पुढच्या लग्नात, पुढच्या जयंतीला, पुढच्या गणपतीत सुपारी देताना तीन गोष्टी विचारा. गाणी लावणाऱ्याचं नाव काय? तो कुठली गाणी लावणार? मिक्सरवरचा लाल दिवा पेटला तर तो आवाज कमी करणार का? तिन्हींची उत्तरं देणारा माणूस सापडला तर इसार त्याच्या हातात द्या, पत्रिकेवर नाव त्याचं छापा. साउंड तो भाड्याने आणेल.