बासमतीची साखळी आणि परतीची वाट

दिल्लीच्या उत्तर सीमेवर नरेला येथे मोठा धान्यबाजार आहे. शरद ऋतूत तेथे दिल्लीच्या व हरियाणाच्या खेड्यांतून आलेल्या भाताच्या राशी पडतात. लिलाव होतो, माल भातगिरणीत भरडला जातो आणि बासमतीचा मोठा भाग समुद्रापार जातो. २०२३-२४ या वर्षी भारतातून ५० लाख टनांहून अधिक बासमती निर्यात झाला. ही साखळी माल पुढे नेण्यात प्रवीण आहे, यात शंका नाही. परंतु पुरवठ्याची परीक्षा तेवढ्यावरून करणे अपुरे होय. ग्राहकाची मागणी शेतापर्यंत कितपत परत येते, हेही पाहिले पाहिजे.

ट्रायसायक्लाझोल या औषधाचे उदाहरण बोलके आहे. भातावरील करपा या बुरशीजन्य रोगावर ते फवारले जाते. युरोपीय संघाने २०१७ साली तांदळातील त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोग्रॅममागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. बासमतीला ती २०१८ च्या आरंभापासून लागू झाली. नव्या मर्यादेचा अर्थ असा की, १०० टन तांदळात या द्रव्याचा केवळ एक ग्रॅम चालेल.

बाजारात भात पारखला जातो तो डोळ्यांनी, हातांनी आणि नाकाने. दाण्याची लांबी, ओल व सुवास यांची अशी पारख होऊ शकते. अवशेष मात्र दिसत नाही. शिवाय विक्रीनंतर अनेकांच्या राशी एकत्र होतात. मग संयमाने फवारणी करणाऱ्याचे आणि बेफिकिराचे धान्य एकाच पोत्यात जाते. बासमतीला सरकारी हमीभाव नसल्याने बाजारातील दर हीच शेतकऱ्याला मिळणारी मुख्य सूचना असते. आणि या बाबतीत ती सूचना मुकी राहते.

विज्ञानाने आपला वाटा उचलला आहे. दिल्लीतीलच पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने २०२१ साली पुसा बासमती १८४७ व १८८५ हे वाण दिले. ते अनुक्रमे १५०९ व ११२१ या लोकप्रिय वाणांचे सुधारलेले रूप असून, त्यांत करपा व जिवाणूजन्य करपा या दोन्ही रोगांना प्रतिकार करणारी जनुके आहेत. फवारणीची गरजच कमी करणारे हे उत्तर आहे. तथापि असे वाण पेरणाऱ्याला अधिक दर मिळाला नाही, तर बियाण्याचा निम्मा गुण वाया जाईल.

प्रत्येक राशीची रासायनिक तपासणी महाग पडेल, हा आक्षेप खरा आहे. परंतु वाण व फवारणीची नोंद पाहून राशी वेगळ्या ठेवणे आणि अशा प्रत्येक गटाचा एकेक नमुना तपासणे आवाक्याबाहेरचे नाही. तो खर्च निर्यातदाराने सोसावा. कारण परत आलेल्या जहाजभर मालापेक्षा तो स्वस्तच ठरेल. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण ते शीत कोणत्या शेतातले हे ठाऊक असेल, तरच त्या परीक्षेतून शेतकऱ्याला काही शिकता येईल.