आई आणि अर्धी प्रदक्षिणा

ट्रेकर लोकांत दोन जाती असतात. गडावर पोचल्यावर ‘किती वाजले?’ विचारणारे आणि ‘चहा कोण टाकतंय?’ विचारणारे. मी पहिल्या जातीतली, आणि कट्टर! राजगड, हरिश्चंद्रगड, रतनगड... कॉलेजपासूनच्या प्रत्येक ट्रेकची वेळ माझ्या डायरीत आहे. शेजारी ‘सोबत’ असा रकाना. त्या रकान्यात एक नाव मात्र कधीच आलं नाही. पहाटे चारला उठून माझ्यासाठी दशम्या बांधून देणाऱ्या बाईचं. म्हणजे आमच्या मातोश्रींचं.

आणि हे लक्षात आलं कुठे, तर थेट स्लोव्हेनियात. बोहिन नावाच्या तळ्याकाठी.

झालं असं, की गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी दीड महिना ल्युब्लियानात होते. शेवटच्या दहा दिवसांसाठी आईला बोलावून घेतलं. बाबा गेल्यापासून ती कुठे गेलीच नव्हती. त्यात तिची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘चाला, भरपूर चाला. फक्त दम लागेल असा चढ नको.’

ल्युब्लियानाहून बसनं दोन तासांत तुम्ही बोहिनला पोचता. वाटेत ब्लेड लागतं, ते बेटावरच्या चर्चवालं, कॅलेंडरवालं. बहुतेक टूरिस्ट तिथेच उतरतात. आपण बसून राहायचं. कारण पुढचं तळं मोठं आहे, आणि शांतही. लांबी चार किलोमीटरच्या वर, रुंदी एक किलोमीटर, खोली ४५ मीटर. हिमयुगात इथे एक अजस्र हिमनदी होती. तिनं दरी खरवडून काढली, तोंडाशी दगडमातीचा बांध टाकला आणि वितळून गेली. त्या बांधामागे साठलं ते हे तळं. चहूबाजूंनी डोंगर, पार पाण्यापर्यंत उतरलेलं जंगल. बसमधून उतरल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, ‘अगंबाई!’

पूर्वेच्या टोकाला रिबचेव लाझ नावाचं चिमुकलं गाव आहे. दगडी पूल, पुलापलीकडे जुनं चर्च. जवळच चार जणांचा पुतळा. १७७८ मध्ये त्रिग्लाव या देशातल्या सर्वोच्च शिखरावर (२८६४ मीटर) पहिल्यांदा चढलेले हे चौघे. पुतळ्यातला एक जण शिखराकडे बोट दाखवतोय. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे?

माझा प्लॅन पक्का होता. तळ्याच्या पश्चिम टोकाला उकांत्स. तिथून वर साव्हित्साचा धबधबा. त्याच्याजवळून कोमार्चा नावाचा उभा कडा चढायचा, सहाशे मीटरच्या वर. काही ठिकाणी लोखंडी तारा धरून. वर पोचलं की चर्नो येझेरो, म्हणजे काळं तळं. सात तळ्यांच्या दरीतलं सगळ्यात खालचं.

‘आणि मी?’ आईनं विचारलं.

‘तू पुलाजवळच्या बाकावर बस. मस्त व्ह्यू आहे. दुपारी येतेच मी.’

‘बरं. जा तू, मी बसते.’

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. त्यामुळे ते ऐकूच येत नाही.

कोमार्चावर चढायला लागले तेव्हा झाडांमधून धुकं उतरत होतं. इथल्या वाटांवर खुणा भारी असतात. लाल वर्तुळ, आत पांढरा ठिपका. १९२२ मध्ये अलोयझ क्नाफेल्झ नावाच्या माणसानं ही पद्धत आखून दिली, ती आजही देशभर चालते. आपल्याकडे दगडावर बाण शोधत फिरतो, तसं नाही. पाऊण तास मी ठिपक्यामागून ठिपका पकडत गेले. मग बुरबुर सुरू झाली. चुनखडीचा दगड ओला झाला की साबणासारखा होतो. पहिल्या तारेशी पोचले तर वरून एक पिकल्या केसांचे काका उतरत होते. त्यांनी दगडावर बूट घासून दाखवला, मान हलवली आणि म्हणाले, ‘वेट. टुमॉरो.’

उद्या आमची परतीची बस होती. पाच मिनिटं तशीच उभी राहिले. मग उतरले. जाम चिडून.

उतरल्यावर निदान धबधबा तरी पाहू म्हटलं. पाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, तिकीट आहे. पण ७८ मीटरचा साव्हित्सा समोर आला आणि चिडचिड जरा ओसरली. आपले पावसाळी धबधबे कड्याच्या माथ्यावरून कोसळतात. हा कड्याच्या मधूनच, एका कपारीतून बाहेर येतो. वरच्या काळ्या तळ्यातलं पाणी चुनखडीत मुरतं आणि पाचशे मीटर खाली इथे प्रकटतं. पुढे हेच पाणी तळ्यात जातं. स्लोव्हेनियाचे राष्ट्रकवी प्रेशेरेन (दोन युरोच्या नाण्यावर असतात ते) यांनी १८३६ मध्ये याच धबधब्यापाशी आपल्या एका मोठ्या काव्याचा शेवट घडवलाय.

दीडच्या सुमारास उकांत्सला परत आले. पलीकडे जाणारी बोट पकडावी म्हणून धक्क्याकडे गेले, तर काठावरच्या बाकावर कोण? चिवड्याचा डबा उघडून बसलेली आई.

‘तू इथे कशी?’

‘चालत.’

‘अगं, तुला बसायला सांगितलं होतं ना?’

‘बसले की अर्धा तास! मग एक आजी आल्या, माझ्यापेक्षा मोठ्या, दोन्ही हातांत काठ्या. त्यांनी तळ्याकडे बोट दाखवून हवेत गोल काढला. म्हटलं, हे आपल्याला कळतं, प्रदक्षिणा! तळं उजव्या हाताला ठेवलं आणि निघाले.’

‘फोन करायचास.’

‘तू नको म्हणाली असतीस.’

दक्षिणेचा काठ सोपा आहे, रस्त्याच्या कडेकडेनं, साधारण पाच किलोमीटर. तो हिनं चिवडा खात पार केला होता. मी म्हटलं, आता बोटीनं जाऊ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलेय.

‘अर्धी प्रदक्षिणा सोडतं का कुणी?’

मग आम्ही उत्तरेच्या काठानं निघालो. हा काठ वेगळाच. रस्ता नाही, गाड्या नाहीत. बीचच्या दाट झाडीतून जाणारी पाऊलवाट, मुळं, दगड, डावीकडे डोंगराचा उतार आणि उजवीकडे फांद्यांमधून दिसणारं हिरवंगार पाणी. आई पुढे, मी मागे. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी मागे चालत होते! दर दहा मिनिटांनी ती थांबायची. पहिल्या तीन वेळा मी घड्याळ बघितलं. चौथ्यांदा तिनं ते बघताना मला पकडलं.

‘कुणी वाट बघतंय का आपली?’

नव्हतं कुणी.

पुढच्या थांब्याला एका आडव्या खोडावर बसलो. पाऊस थांबला होता, ओल्या पानांचा वास सुटला होता. आई म्हणाली, ‘राजगडाला असंच असतं का गं?’

‘असंच म्हणजे?’

‘हेच. झाडी, हा वास. पुढे काय आहे ते दिसत नाही, तरी जावंसं वाटतं.’

‘तुला यायचं होतं?’

तिनं डब्याचं झाकण लावलं. ‘तू कधी विचारलं नाहीस.’

तक्रार नव्हती त्यात. आमटीत मीठ कमी आहे हे जितक्या साधेपणी सांगतात, तितक्याच साधेपणी सांगितलं. माझ्याकडे कारणं होती. तिची नोकरी, बाबांची पथ्यं, ग्रुपमध्ये आई कशी न्यायची... पण कारणं ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी असतात. तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची वेळच मी आणली नव्हती. आणि आता विचारलं तरी राजगडाचा चढ तिला डॉक्टर चढू देणार नाहीत. मी वळून पाण्याकडे पाहत बसले. वरच्या तळ्यातलं पाणी खाली इथे, सकाळपासून तिच्या पायाशी येऊन पोचलं होतं, आणि मी ते बघायला डोंगर चढत होते.

उत्तरेचा काठ संपवायला आम्हाला तीन तास लागले. दगडी पुलावर पोचल्यावर आईनं चर्चला नमस्कार केला. देव कुठला का असेना, प्रदक्षिणा पूर्ण झाली होती.

तुम्ही जाणार असाल तर थोडं कामाचं. व्हिसा शेंगेनचा. तळ्याची फेरी साधारण बारा किलोमीटर, तरुण पायांना चार तास पुरे. दमलात तर उकांत्सहून हंगामात बोट मिळते. जवळच स्तारा फुझिना गावातून मोस्तनित्साची घळ सुरू होते, पाण्यानं कोरलेली, सोपी आणि सुंदर. चढ नको पण उंची हवी, तर उकांत्सहून केबल कारनं व्होगेलला जा, १५३५ मीटरवर. कोमार्चा फक्त कोरड्या हवेत, चांगले बूट असतील आणि उंचीची भीती नसेल तरच. आणि पिकल्या केसांचे काका ‘टुमॉरो’ म्हणाले तर ऐका.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी आईला विचारलं, ‘सिंहगडावर येतेस?’

‘मला चढ चालत नाही ना?’

‘वरपर्यंत गाडीनं. मग गडावर चालू, तुझ्या स्पीडनं.’

तिनं क्षणभर विचार केला.

‘येते. पण दशम्या तू करायच्या.’